कॅसिनोतलं ब्लॅकजॅक मशीन: आकडे काय सांगतात आणि खेळाचा आजार कधी होतो?

रेडी हे वेंगुर्ला तालुक्याचं दक्षिणेकडचं टोक. पुढे तेरेखोलला गोव्याची हद्द लागते. आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून पणजी गाठायला तास-दीड तास पुरतो. आपल्या भागातली कितीतरी मुलं नोकरीसाठी रोज किंवा आठवड्याने गोव्याला ये-जा करतात. त्यातले काही जण कधीतरी मित्रांबरोबर कॅसिनोत जातात. बहुतेकांचं ते एकदाच होतं, पण काहींचं जाणं थांबत नाही.

दवाखान्यात हा विषय सरळ येत नाही. येतात त्या तक्रारी: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त वाढलंय, गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. खोदून विचारल्यावर कर्जाचं कळतं आणि कर्जाच्या मागे खेळ असतो. घरचे म्हणतात, "सोड म्हणून किती सांगितलं." खेळणारा म्हणतो, "गेलेले तेवढे परत आले की सोडतो." हे "परत येणं" शक्य आहे का, याचं उत्तर आकड्यांत आहे. म्हणून या लेखात आधी आकडे समजून घेऊ आणि मग आजाराकडे वळू.

थोडक्यात

• ब्लॅकजॅक मशीनमध्ये प्रत्येक डावावर कॅसिनोचा छोटासा वाटा ठरलेला असतो. कोणत्याही युक्तीने तो खेळणाऱ्याच्या बाजूने फिरत नाही.
• मशीनवरचा तोटा तीन गोष्टींवर ठरतो: डावाची रक्कम, तासाला होणारे डाव आणि कॅसिनोचा वाटा.
• गेलेले पैसे खेळून परत मिळवायला जाणं हे जुगाराच्या आजाराचं महत्त्वाचं लक्षण आहे.
• हा आजार वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत.
• काही औषधांमुळेही जुगाराची अनावर ओढ लागू शकते.
• मदतीसाठी टेली-मानस: १४४१६ (मोफत, चोवीस तास, मराठीतही).

मशीनच का?

गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली बदल झाला आणि पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक खेळ आणि स्लॉट मशीनना परवानगी मिळाली. पत्ते वाटणारा माणूस असलेले टेबलावरचे खेळ पाण्यावरच्या जहाजांसाठी ठेवले गेले. मांडवीत उभी असलेली जहाजं त्यातलीच. त्यामुळे जमिनीवरच्या कॅसिनोंमध्ये पडद्यावरच्या खेळांना महत्त्व आलं आणि व्हिडिओ ब्लॅकजॅक हा त्यातलाच एक खेळ.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ मध्ये त्यासाठी केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही आणि तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ही बंदी सिंधुदुर्गच्या माणसाला लागू नाही. पेडण्याचा माणूस दारात अडवला जातो आणि रेडीचा माणूस आत जातो. हद्दीच्या अलीकडच्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवायला हवं.

खेळ कसा चालतो?

आपल्याकडे "एकवीस" नावाने खेळतात तोच हा खेळ. खेळणाऱ्याला दोन पत्ते, डीलरला दोन पत्ते. चित्रांचे प्रत्येकी १०, एक्क्याचे १ किंवा ११, बाकीच्यांचे पत्त्यावर असतील तेवढे. बेरीज २१ च्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं, पण २१ च्या वर गेली की डाव गेला. डीलरला स्वतःची मर्जी नसते. बेरीज १७ होईपर्यंत त्याला पत्ते घ्यावेच लागतात. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला तर त्याला "ब्लॅकजॅक" म्हणतात आणि त्याचं बक्षीस जास्त असतं.

मशीनमध्ये डीलर पडद्यावर असतो. पत्ते निवडतो तो संगणकाचा "रँडम नंबर जनरेटर", म्हणजे कुठलाही क्रम न ठेवता आकडे काढणारी यंत्रणा. बहुतेक मशीनवर प्रत्येक डावाला पूर्ण जोड नव्याने पिसला जातो. मागच्या डावात काय आलं याचा पुढच्या डावाशी काही संबंध उरत नाही.

कॅसिनोचा वाटा येतो कुठून?

वरवर पाहता खेळ बरोबरीचा वाटतो. दोघांना सारखेच पत्ते, सारखीच मोजणी. फरक एवढाच की आधी खेळावं लागतं ते तुम्हाला.

समजा तुम्हीही डीलरसारखेच १७ होईपर्यंत पत्ते घेता. असं खेळताना १०० डावांत साधारण २८ वेळा बेरीज २१ च्या वर जाते. डीलरचंही तसंच. तुमचे पत्ते २१ च्या वर गेले की पैसे लगेच जातात. डीलरचं पुढे काय झालं असतं याला मग अर्थ राहत नाही. त्या २८ डावांतल्या साधारण ८ डावांत डीलरही २१ च्या वर गेला असता. घरी खेळताना असा डाव बरोबरीत सुटला असता. कॅसिनोत तो हरलेला धरतात. शंभरातले हे आठ डाव कॅसिनोच्या कमाईचं मूळ आहेत.

ब्लॅकजॅकचं जादा बक्षीस यातला काही भाग परत देतं. कधी थांबायचं, कधी पत्ता घ्यायचा, कधी रक्कम दुप्पट करायची याचा अभ्यासलेला तक्ता पाठ करून चुका न करता खेळलं, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वाटा सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो. "ब्लॅकजॅक हा डोक्याचा खेळ आहे, यात कॅसिनोला हरवता येतं" या समजुतीचं मूळ इथेच आहे. पण अर्ध्या टक्क्यावर आलेला वाटासुद्धा कॅसिनोचाच असतो. तक्ता पाठ केल्याने तोटा कमी होतो, त्याचा नफा होत नाही.

ब्लॅकजॅक लागल्यावर मशीन किती देतं?

हे मशीनच्या पडद्यावर नियमांच्या किंवा बक्षिसांच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथे साधारणपणे तीनपैकी एक प्रमाण दिसतं: ३:२, ६:५ किंवा १:१. १०० रुपयांच्या डावावर ब्लॅकजॅक लागला तर ३:२ ला १५० रुपये मिळतात, ६:५ ला १२० आणि १:१ ला फक्त १००. व्हिडिओ ब्लॅकजॅकच्या अनेक मशीनवर १:१ हेच प्रमाण असतं.

फरक किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब मांडू. १००० डाव, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे एकूण १ लाख रुपये डावावर लागले. साधारण २१ डावांत एकदा ब्लॅकजॅक येतो. डीलरलाही त्याच वेळी आला तर बरोबरी होते. असे डाव वगळले तर १००० डावांत साधारण ४५ वेळा ते बक्षीस हाती पडतं.

• ३:२ असेल तर: एका लाखावर सरासरी तोटा सुमारे ५०० रुपये.
• ६:५ असेल तर: ४५ वेळा ३०-३० रुपये कमी, म्हणजे आणखी १,३५० रुपये. एकूण तोटा सुमारे १,८५० रुपये.
• १:१ असेल तर: ४५ वेळा ५०-५० रुपये कमी, म्हणजे आणखी २,२५० रुपये. एकूण तोटा सुमारे २,७५० रुपये.

बक्षिसाच्या एका ओळीने तोटा साडेपाच पट झाला. आणि हा हिशेब एकही चूक न करणाऱ्या खेळाडूचा आहे. पहाटे दोन वाजता, दोन पेग पोटात असताना, तक्ता आठवून कोणी खेळत नाही. चुकांमुळे आणखी एक-दोन टक्के सहज जातात.

खरा फरक वेगाचा

"शंभर रुपयाला पावणेतीन रुपये, त्यात काय एवढं?" असं वाटेल. पण ही टक्केवारी खिशातल्या पैशांवर लागत नाही, डावावर फिरलेल्या एकूण रकमेवर लागते.

माणसांनी भरलेल्या टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात. पत्ते पिसायचे, वाटायचे, इतरांसाठी थांबायचं. मशीनवर कोणासाठी थांबावं लागत नाही. एक डाव दहा सेकंदांत संपला तर तासाला ३६० डाव होतात. १०० रुपयांचा डाव धरला तर तासात ३६,००० रुपये डावावर फिरतात. पावणेतीन टक्क्यांनी सरासरी तोटा तासाला सुमारे ९९० रुपये. चार तासांचे जवळपास ४,००० रुपये. खिशात आणलेले ५,००० रुपये पुन्हा पुन्हा फिरून रात्रीत दीड लाखाच्या घरात जातात, आणि टक्केवारी लागते ती त्या दीड लाखावर.

आता गेलेले पैसे लवकर भरून काढण्यासाठी डाव १,००० रुपयांचा केला, तर तासाचा सरासरी तोटा ९,९०० रुपये होतो. खड्डा भरायला घेतलेलं फावडं दहापट मोठं झालं, पण खड्डा त्याने बुजत नाही, आणखी खोल होतो.

यावर कर वेगळाच. चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

"पण अमका जिंकून आला!"

आला असेल. आकडे ते नाकारत नाहीत. वरच्याच मशीनवर (१:१, डावाला १०० रुपये, तासाला ३६० डाव) खेळणाऱ्यांचा हिशेब केला तर साधारण असं चित्र दिसतं:

• एक तासानंतर तीन जणांतला एक फायद्यात असतो.
• चार तासांनंतर सहा जणांतला एक.
• पंचवीस तासांनंतर, म्हणजे सहा-सात रात्रींनंतर, शंभरात जेमतेम एक.

पहिल्या रात्री जिंकून आलेला माणूस खोटं बोलत नाही. धोका तिथेच आहे. पहिल्या जिंकण्याची आठवण पक्की बसते आणि माणूस दुसऱ्या यादीत, मग तिसऱ्या यादीत सरकत जातो. शिवाय जिंकलेला शिरोड्याच्या बाजारात सांगतो, हरलेला गप्प बसतो. त्यामुळे आपल्या कानावर येतात ते बहुतेक जिंकल्याचेच किस्से.

चार समजुती आणि त्यांचे आकडे

१. "इतका वेळ हरलोय, आता लागतलाच." मशीनला मागचं काही आठवत नाही. सलग दहा डाव हरल्यावर अकराव्या डावाची शक्यता पहिल्या डावाइतकीच असते.

२. "हरलो की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल." बरोबरीचे डाव सोडले तर उरलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के डाव खेळणारा हरतो. तासाला साडेतीनशे डाव होत असतील तर सलग आठ हार तासाभरात एकदा येणं ही नेहमीची गोष्ट आहे. १०० पासून दुप्पट करत गेलं तर आठ हारींत २५,५०० रुपये जातात आणि नववा डाव २५,६०० रुपयांचा लावावा लागतो. एवढं करून जिंकलं तर फायदा १०० रुपयांचा.

३. "डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स घ्यावा." नाव विम्याचं असलं तरी ही वेगळी पैज आहे. तेरा शक्यतांपैकी चार वेळा डीलरचा दुसरा पत्ता दहाच्या किमतीचा असतो. १०० रुपये तेरा वेळा लावले तर चार वेळा २०० प्रमाणे ८०० मिळतात आणि नऊ वेळा १०० प्रमाणे ९०० जातात. मूळ खेळापेक्षा ही पैज जास्त महाग आहे.

४. "पत्ते मोजून कॅसिनोला हरवतात, सिनेमात बघितलंय." पत्ते मोजण्यासाठी वापरलेले पत्ते बाजूला पडून जोड कमी होत जावा लागतो. दर डावाला नवा जोड पिसणाऱ्या मशीनवर मोजायला काहीच उरत नाही.

मेंदूत काय होतं?

आपल्या मेंदूत बक्षिसाची ओढ निर्माण करणारी एक साखळी आहे. तिचं काम डोपामीन या रसायनावर चालतं. हमखास मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा "मिळेल किंवा नाही मिळणार" अशा गोष्टीची वाट पाहताना ही साखळी जास्त चेतते. गळ टाकून बसलेल्याला उठावंसं वाटत नाही, ते याचमुळे. मशीनवर ही वाट दहा-दहा सेकंदांनी पुन्हा सुरू होते. थोडक्यात हुकलेला डाव, म्हणजे २० ला थांबलो आणि डीलरला २१ आले, यानेही खेळण्याची इच्छा वाढते. पैसे मात्र तेवढेच गेलेले असतात.

त्यात रात्रीची वेळ, दारू आणि नोटांऐवजी चिप्स किंवा पडद्यावरचे आकडे. खिशातून पाचशेची नोट काढताना हात जसा अडखळतो, तसा बटण दाबताना अडखळत नाही.

सवय की आजार?

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात जुगाराच्या आजाराला दारू-तंबाखूसारख्या व्यसनांच्या गटात घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे. खालील प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या १२ महिन्यांत:

• तीच मजा यावी म्हणून अधिकाधिक रक्कम लावावी लागते का?
• खेळणं कमी केलं की चिडचिड, अस्वस्थता होते का?
• सोडायचे प्रयत्न अनेकदा फसले आहेत का?
• मनात सारखा खेळाचाच विचार असतो का?
• ताण, उदासी, अपराधीपणा वाटला की खेळायला जावंसं वाटतं का?
• हरलेले पैसे मिळवायला पुन्हा जाता का?
• किती खेळता हे लपवण्यासाठी खोटं बोलता का?
• नोकरी, शिक्षण किंवा जवळचं नातं यामुळे धोक्यात आलं आहे का?
• पैशांची अडचण सोडवण्यासाठी इतरांकडे हात पसरावा लागला आहे का?

चार किंवा अधिक "हो" असतील तर हा आजार असण्याची शक्यता आहे आणि तपासणी करून घ्यायला हवी. ४-५ सौम्य, ६-७ मध्यम आणि ८-९ तीव्र मानतात. अंतिम निदान डॉक्टर करतील, कारण उन्मादासारख्या दुसऱ्या मानसिक आजारातही माणूस पैसे उधळू शकतो.

घरच्यांसाठी दोनच प्रश्न पुरतात: तो रक्कम वाढवत चालला आहे का? आणि त्याबद्दल खोटं बोलतो का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर विषय डॉक्टरांपर्यंत न्या.

औषधांमुळेही असं होऊ शकतं

हे फार कमी कुटुंबांना माहीत असतं. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामीनच्या साखळीवर काम करतात. काही रुग्णांना ती सुरू झाल्यावर जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांची अनावर ओढ लागते. रात्री पायांत होणाऱ्या अस्वस्थतेसाठीही हीच औषधं देतात. अरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्या औषधाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला आहे.

आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला साठीचा माणूस अचानक जुगार खेळू लागला, तर त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. औषध मनाने बंद करू नका. कंपवाताची औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात आणि बहुतेकांची ओढ त्यानंतर ओसरते.

उपचार काय?

मुख्य उपचार समुपदेशनाचा, त्यातही विचार आणि वागणूक बदलण्याच्या पद्धतीचा आहे. "आता लागेलच" हा विचार कधी येतो, त्याआधी काय घडतं, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचं, अशा बारीक गोष्टींवर त्यात काम होतं. सोबत नैराश्य किंवा दारूचं व्यसन असेल तर त्यावरही उपचार लागतात. काही रुग्णांना मनोविकारतज्ज्ञ नाल्ट्रेक्सोन हे औषध देतात. ते यकृताच्या तपासण्या करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. गावात कोणी बघेल ही भीती असेल तर आधी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी काय करावं?

• भांडण "नशिबा"वर करू नका. शांत वेळ बघून वरचा हिशेब एकत्र मांडा. किती गेले, किती देणं आहे, कोणाचं, हे एका कागदावर लिहा. पतसंस्था, सोनेतारण, बचत गट, फोनवरची कर्जं आणि जामीनकी, काहीच सोडू नका.
• सगळं कर्ज एकदम फेडून देऊ नका, आणि त्याच्या हातात रोख तर देऊच नका. उपचार सुरू नसताना फेडलेलं कर्ज म्हणजे पुन्हा खेळायला मोकळी झालेली पत. फेडायचं ठरलंच तर ज्याचं देणं त्याला थेट द्या.
• त्याच्या संमतीने काही महिने पैशांचा व्यवहार घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. यूपीआयची मर्यादा कमी करा, एटीएम कार्ड जमा ठेवा, दागिने लॉकरमध्ये ठेवा.
• फोन तपासा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. तरीही एखादं ॲप चालत असेल तर ते बेकायदा आहे आणि तिथे अडकलेल्या पैशांची कोणी हमी देणार नाही.
• पत्नी, आई-वडील यांनी स्वतःची झोप, रक्तदाब, साखर याकडे दुर्लक्ष करू नये. त्यांनाही समुपदेशन घेता येतं.

हे दिसलं तर थांबू नका

जुगाराच्या आजारात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, विशेषतः कर्ज उघडकीला आल्यावरच्या दिवसांत. "मी नसलो तर बरं होईल", "विम्याचे पैसे तरी मिळतील" असं बोलणं, निरोप घेतल्यासारखं वागणं, अचानक कागदपत्रं आवरून ठेवणं, यातलं काही दिसलं तर माणसाला एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आंबा-काजूच्या फवारणीचं औषध घरात किंवा मांगरात असेल तर आजच कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. १४४१६ वर फोन करा. धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून एकदा मित्रांबरोबर गेलो तर आजार होतो का?
बहुतेकांना होत नाही. जेवढे गेले तरी चालतील तेवढेच रोख पैसे न्या, कार्ड आणि यूपीआय घरी ठेवा, दारू पिऊन खेळू नका आणि परतायची वेळ आधी ठरवा. ते पैसे करमणुकीचा खर्च म्हणून धरा. आधी कसलंही व्यसन असेल, नैराश्य असेल किंवा डोक्यावर कर्ज असेल तर जाऊच नका.

मशीनमध्ये फसवणूक असते म्हणून पैसे जातात का?
कॅसिनोला फसवणुकीची गरज नाही. पूर्ण प्रामाणिक मशीनवरही वरच्या हिशेबाने पैसे जातातच.

आतापर्यंत दोन लाख गेलेत. आता सोडलं तर ते बुडालेच ना?
हो, ते गेले. पण पुढच्या महिन्याचा पगार अजून गेलेला नाही. वरचे सगळे आकडे त्या पगाराबद्दल आहेत. तो वाचवायचा असेल तर पुढच्या शनिवारी पणजीला निघण्याआधी १४४१६ हा नंबर लावा.